चार्जरचा नंदादीप

सात वाजायला पाच मिनिटं होती आणि गोव्यातल्या पाळी गावच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सोप्यावर बायका, अंगणात पुरुष, जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांना लटकलेली शाळकरी पोरं. साखळीहून बस पकडून आलेली दोन कुटुंबं चपला कुठे काढायच्या यावरून भांडत होती. आणि आत, देवघरासमोरच्या लाल पाटावर, झेंडूच्या हारात गुदमरून, अर्धवट उघडा बसला होता तो. माझ्या सासऱ्यांचा आठ वर्षांचा लॅपटॉप.

"मोबाईल बंद करा मंडळी," कृष्णनाथ महाराज म्हणाले. "दोन लहरी एकमेकांना भिडल्या तर आत्म्याला ठेच लागते."

सगळ्यांनी मोबाईल बंद केले. महाराजांचा स्वतःचा खिशात वाजला, पण त्या लहरीला बहुधा परवानगी असावी.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले आणि लॅपटॉपच्या पोटातून आवाज आला. आधी बारीक, मग चढत चढत, घूंऽऽऽ.

"आयले! गुरुदासबाब आयले!" शेजारच्या शांताकाकी ओरडल्या. बायकांनी हात जोडले. एका बाईला रडू फुटलं. पाठोपाठ लॅपटॉपच्या फटीतून पाटावर लाल भुकटी सांडली, चिमूटभर, अगदी कुंकवासारखी. महाराजांनी ती अलगद बोटावर घेतली आणि पहिला टिळा माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीला लावला.

"बघा, श्वास घेताहेत," त्यांनी लॅपटॉपच्या फुगलेल्या पोटाकडे बोट दाखवलं. "महिन्याभरापूर्वी हा सपाट होता. आज बघा! प्राण भरतोय. मंडळी, शरीर म्हणजे हार्डवेअर. ते आपण स्मशानात दिलं. पण सॉफ्टवेअर? ते कुठे गेलं? गुरुदासबाब क्लाउडवर गेलेत, पण लॉगआउट झालेले नाहीत!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भागूच्या कपाळावरची भुकटी पदराने पुसली आणि तिला मागे ओढलं. मला भीती वाटत होती, पण ती भुताची नव्हती.

हे सुरू कसं झालं ते सांगते.

माझे सासरे गुरुदास खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक यायचा, काट्यावर उभा राहायचा, पप्पा आकडा लिहायचे. निवृत्त झाल्यावर गौरेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आपला वापरलेला लॅपटॉप त्यांना दिला. पप्पा शुक्रवारच्या भजनी मंडळात गात. लॅपटॉपवर ते स्वतःची भजनं भरून ठेवायचे, मग स्वतःच ऐकून स्वतःच नाक मुरडायचे. यंत्र मात्र फार हळू चालायचं. मेमरी अवघी चार जीबी, डिस्क जुनी आणि पंख्यात आमच्या गावची तांबडी धूळ. "हो माझ्यासारखो," पप्पा म्हणायचे, "चढाव लागलो की धाप लागता."

साखळीला माझी कॉलेजची मैत्रीण सुविधा लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवते. "आणून दे, मेमरी वाढवते, पंखा साफ करते, अर्ध्या दिवसाचं काम," असं ती मला वर्षभर सांगत होती, आणि पुढच्या आठवड्यात नेते असं मी तिला वर्षभर सांगत होते. मध्ये भागूचा ताप, भागूचे दात, भागूची बालवाडी. तो आठवडा काही आला नाही. चतुर्थी झाली आणि पंधरा दिवसांत पप्पा गेले.

दिवसकार्य आटपल्यावर मी भागूला घेऊन पेडण्याला माहेरी गेले. गौरेश वास्कोला बंदरात नोकरीला, तो फक्त रविवारी घरी. सासूबाई एकट्याच राहिल्या, आणि त्याच दिवसांत त्यांना पप्पांच्या खोलीतून संध्याकाळी सात वाजता घूंकार ऐकू आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातलाच. तिसऱ्या दिवशी त्यांनी शांताकाकींना बोलावलं. शांताकाकींना कळलं म्हणजे पाळीला कळलं. आणि चौथ्या दिवशी कृष्णनाथ हजर.

हा कृष्णनाथ पूर्वी साखळीच्या बसस्टँडजवळ मोबाईलची कव्हरं विकायचा. मग मोबाईलचे ग्रह बघायला लागला. कव्हराचा रंग राशीनुसार, काचेची पट्टी नक्षत्रानुसार. मी माहेराहून परत येईपर्यंत तो महाराज झाला होता आणि लॅपटॉप देव झाला होता.

खरं सांगते, पहिल्या संध्याकाळी तो आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. दोन दिवसांनी भेंडी चिरताना एकदम आठवलं आणि सुरी हातातच राहिली. व्हायरस तपासणी! पप्पा जेवून आठच्या सुमाराला लॅपटॉप उघडत, त्याआधी तपासणी उरकावी म्हणून मीच ती रोज सातची लावून ठेवली होती. लॅपटॉप झोपलेला असला तरी सातला जागा होतो, डिस्क धुंडाळायला लागतो. मेमरी तोकडी, काम अवजड, यंत्र तापतं, आणि धुळीने घुसमटलेला पंखा जिवाच्या आकांताने फिरतो. फुंकर जोरात बसली की आत साचलेली धूळ बाहेर पडते. खाणपट्ट्यातली धूळ लाल नाही तर काय निळी असणार? थोडक्यात, ज्याच्यापुढे तालुका लोटांगण घालत होता तो चमत्कार मी स्वतः, दोन वर्षांपूर्वी, चहा पिता पिता लावला होता.

मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या दोडामार्गच्या, बोलणं मालवणी आणि सरळ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू शिकलेला, खरा," त्या म्हणाल्या. "पण घोव माझो गेलो, तुझो नाय."

नवरा त्यांचा गेला होता, हे खरंच होतं. पप्पा गेल्यापासून त्या दोन घासांवर उठायच्या. आता सातचा आवाज आला की पोटभर जेवायच्या. मी गप्प बसले. रोज पाऊण तास पंखा फिरला तर कुणाचं काय बिघडतं, असं स्वतःला सांगितलं. शिकलेली माणसं अशी सोयीस्कर वाक्यं फार पटकन बनवतात.

पण महाराज गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नियम काढला. लॅपटॉपच्या कडेला चार्जरचा जो बारीक दिवा लागतो, तो नंदादीप. तो क्षणभरही विझता कामा नये. त्यामुळे चार्जर रात्रंदिवस खोचलेला. वीज गेली तर म्हणून गावाने इन्व्हर्टर आणला आणि तो फक्त लॅपटॉपला जोडला. फ्रीजमधलं दूध नासलं तरी चालेल, देवाचा दिवा तेवत राहायला हवा.

मी एकदा म्हटलं, "महाराज, मेमरी वाढवून आणते. निदान धाप तरी लागणार नाही पप्पांना."

महाराज करुणेने हसले. "ताई, आत किती जीबी आहेत?"

"चार."

"वेद किती?"

महाराजांनी स्वतःच चार बोटं वर केली.

"चार! एकेका वेदाला एकेक जीबी. तुम्ही आठ करणार म्हणता. मग पाचवा वेद कुठून आणणार? पेडण्याहून?"

सोपा हसून लोटपोट झाला. माझ्या माहेरावर विनोद झाला की आमच्या शेजारणींना विशेष बरं वाटतं.

त्याहून मोठा शोध म्हणजे कौल. आमच्या भागात देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. देवाच्या उजव्या हाताची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. देवळातल्या कौलाबद्दल मी इथे काही म्हणत नाही, मला याच गावात राहायचं आहे. पण महाराजांनी कळ्या चिकटवल्या त्या लॅपटॉपच्या पडद्याला. खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक.

"देवाची उजवी बाजू म्हणजे आपली डावी," असं सांगून ते प्रश्न विचारायचे. घूंकार वाढायचा, आणि पाच-सात मिनिटांत आपल्या डाव्या कोपऱ्यातली कळी टपकन पडायची. होकार!

मी दिनदर्शिकेच्या मागे खुणा करायला लागले. तीन आठवडे, बावीस कौल. बावीसच्या बावीस होकार. पप्पा हयात असताना त्यांनी आयुष्यात एवढ्या गोष्टींना हो म्हटलं नव्हतं.

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग एका सकाळी पाट पुसताना बघितलं तर लॅपटॉप पाटावर डगमगत होता. खालचं झाकण मधून उचललेलं, बोट फिरवायची चौकट वर आलेली. झाकण मिटेना. हात लावला तर गार असायच्या वेळेलाही कोमट. मी बाजूने फोटो काढून सुविधाला पाठवला. अर्ध्या मिनिटात तिचा फोन.

"अशू, चार्जर काढ. आत्ता. बोलत बोलत काढ."

"काय झालंय?"

"बॅटरी फुगलीय. जुनी बॅटरी, अष्टौप्रहर चार्जिंग आणि वर घुसमटलेली उष्णता. आत वायू धरलाय. दाबली गेली, टोचली गेली तर पेट घेते, आणि पाण्याने सहज विझत नाही. भागू कुठे आहे?"

भागू पाटासमोर बसून लॅपटॉपला बिस्कीट भरवत होती.

मी चार्जर उपटला. तेवढ्यात सासूबाई आल्या, दिवा विझलेला बघितला आणि पाटाजवळ येऊन बसल्या. जोरात रडल्याही नाहीत. "दोनदा मारलंस गो त्यांका," एवढंच म्हणाल्या. शांताकाकी धावत आल्या आणि त्यांनी चार्जर पुन्हा खोचला. संध्याकाळी महाराजांनी शांतीचा कार्यक्रम केला आणि त्यात सूनबाईंच्या शिक्षणाबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या दिवसापासून पाटाजवळ कुणी ना कुणी पहाऱ्याला बसायला लागलं.

गौरेशला फोन केला. "रविवारी येतो, मग बघू. आईला दुखवू नको," तो म्हणाला. नवऱ्यांचं सॉफ्टवेअर कधी अपडेट होतं ते मला अजून कळलेलं नाही. मी भागूला घेऊन पेडण्याला जायची पिशवी भरली. पण सासूबाई त्याच खोलीत, त्या पाटापासून दोन हातांवर झोपायच्या. पिशवी पुन्हा रिकामी केली.

बुधवारी महाराजांनी जाहीर केलं. शुक्रवारी गुरुदासबाब आपल्या नातीच्या मांडीवर बसतील. नातीने दोन्ही तळवे त्यांच्या पोटावर घट्ट दाबून धरायचे, म्हणजे प्राण पूर्ण भरेल. त्याच दिवशी रस्त्याकडेच्या आमच्या काजूच्या जमिनीत देवाची घुमटी, म्हणजे छोटं देऊळ, बांधायची की नाही, याचा कौल होईल. घुमटीचा पुजारी कोण, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

घट्ट दाबून धरायचे. माझ्या मुलीने. त्या पोटावर.

मी सुविधाला सांगितलं, "शुक्रवारी ये. भक्त म्हणून ये. हत्यारं पिशवीत आण."

तर असा तो शुक्रवार आणि असे सात वाजलेले. मागच्या रांगेत सुविधा डोक्यावर पदर घेऊन बसली होती. कॉलेजात हिने साडी नेसावी म्हणून आम्ही विनवण्या करायचो.

महाराजांनी कळ्या चिकटवल्या आणि हात वर केले. "गुरुदासबाबा, तुम्हाला घुमटी हवी ना?"

घूंऽऽ. पाच मिनिटं. टप. डावीकडची कळी. होकार.

"तुमचं पोट कुणी उघडू नये ना?"

नवी कळी, नवी प्रतीक्षा. टप. होकार.

"नातीच्या मांडीवर बसणार ना?"

टप.

"आणा नातीला," महाराज म्हणाले.

भागू माझ्या मांडीवर होती. मी हात आवळले. "आणते. पण आधी एक कौल माझा."

"सुनेचा प्रश्न देव घेत नाही. रक्त परकं."

"मग आईंनी विचारावा," मी सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्हीच विचारा. पण ज्याचं उत्तर फक्त तुम्हाला आणि पप्पांना ठाऊक आहे असं काहीतरी. आणि उलटं विचारा. जे खोटं आहे ते खरं ना, असं."

"देवाची परीक्षा?" महाराजांचा आवाज चढला.

"परीक्षा कसली?" मी म्हटलं. "चाळीस वर्षांचा संसार. बायकोने नवऱ्याला एक प्रश्न विचारायचा नाही?"

सोप्यावरच्या बायकांत कुजबुज झाली. हा मुद्दा त्यांना पटला. नवऱ्याला प्रश्न विचारायचा हक्क कुठलीच बाई सोडत नाही, मग नवरा लॅपटॉप का असेना.

सासूबाई पाटाजवळ सरकल्या. डाव्या कोपऱ्यात त्यांनी नवी कळी चिकटवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "अहो, माझ्या हातचा तिसऱ्यांचा सुका तुमका कधीच आवडला नाय. खरा ना?"

"शिव शिव! देवासमोर मासळी!" महाराज किंचाळले.

"गप ऱ्हव," सासूबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या.

खोलीत फक्त पंख्याचा आवाज. पप्पांचं आणि तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याचं नातं आख्ख्या पाळीला माहीत होतं. ताजे तिसरे आले ऐकलं की हा माणूस वजनकाट्यावरून अर्धी रजा टाकून घरी यायचा. सगळ्यांच्या माना उजव्या कोपऱ्यातल्या कळीकडे. तीच पडणार. नाही म्हणणार. आवडायचं म्हणणार.

मिनिट. दोन मिनिटं. चार. सासूबाईंचे ओठ हलत होते, त्या विनवणी करत होत्या, मला दिसत होतं.

टप.

डावीकडची. होकार. कधीच आवडलं नाही.

सासूबाई त्या पडलेल्या कळीकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाच्या जागी हळूहळू भलतंच काहीतरी येत होतं. ते मी ओळखते. भाजीवाला कमी तोलतो तेव्हा येतं ते.

"चाळीस वर्सा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सा ह्या माणसान ताट चाटून पुसून खाल्ल्यान. शिंपल्यासुद्धा चोखल्यान. मरायच्या आदल्या आठवड्यात अंथरुणावरसून मागून खाल्ल्यान. आणि आता म्हणता आवडला नाय?" त्या उठून उभ्या राहिल्या. "ह्यो माझो घोव नाय!"

"यशोदाताई, कळी शिळी होती, दोष..."

"कळी सकाळी मी तोडलंय!"

"नेटवर्क..." महाराज म्हणाले.

"नेटवर्काची काही गरज नाही," मागून सुविधा उठली आणि पदर खोचून पुढे आली. तिने समईच्या ताटलीतली कापसाची कोरडी वात उचलली, लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्याजवळ धरली. वात स्थिर. डाव्या कोपऱ्याजवळ धरली. वात फडफडली. "बघा. पंख्याची गरम हवा बाहेर पडायची फट बिजागरीत, फक्त ह्या बाजूला आहे. इकडची कळी आधी सुकते, आधी सुटते. हा माणूस मोबाईलच्या धंद्यातला आहे, त्याला हे ठाऊक आहे. म्हणून तो प्रश्न असा विचारतो की हो म्हटलं की त्याचं काम होतं. तुम्ही याला विचारा, सूर्य पश्चिमेला उगवतो ना? हा हो म्हणेल. गोवा हिमालयात आहे ना? हो म्हणेल."

जनेलातलं एक पोर खुदकन हसलं आणि तेवढ्याने खोलीतला धाक फुटला.

"आता दुसरं," सुविधाचा आवाज बदलला. "हे पोट फुगलंय ते प्राणाने नाही. आत बॅटरी आहे. तुम्ही चार महिने चार्जर काढला नाही, म्हणून ती नासून फुगलीय. तुमच्या नंदादीपानेच फुगवली. ह्यावर पोरीचे हात दाबून धरले असते तर पेटली असती कदाचित. कदाचित नसती. तुम्हाला तपासून बघायचं होतं का, एका पोरीवर?"

सासूबाईंनी भागूकडे बघितलं. भागू माझ्या मांडीवरून म्हणाली, "आज्जी, आजोबा गरम लागतात."

चार्जरचा दिवा तेवत होता. पहाऱ्याला बसलेल्या शांताकाकींचा हात आपसूक पुढे गेला, पण सासूबाई आधी पोचल्या. त्यांनी खाली वाकून, स्वतःच्या हाताने चार्जर ओढून काढला.

"दिवो गेलो तर जाऊ दे," त्या नातीला जवळ ओढत म्हणाल्या. "चेडू माझा जळता नये."

सुविधाने लॅपटॉप पुरता बंद केला आणि दोन्ही हातांवर आडवा धरून अंगणात नेला. सगळ्यांना लांब उभं केलं. कोरड्या वाळूचं घमेलं मी दुपारीच भरून ठेवलं होतं. तिने एकेक स्क्रू काढला. खालचं झाकण आपणहून वर उडालं तेव्हा पुरुष मंडळी दोन पावलं मागे सरली, बायका दोन पावलं पुढे. बॅटरी पाववाल्या पोदेराच्या गोल उंड्यासारखी टम्म. सुविधाने तिची जोडणी सोडवली, न वाकवता, न टोचता अलगद उचलून वाळूत ठेवली. मग पंख्याचं तोंड दाखवलं. जाळीवर लाल धुळीचा थर, लोकरीसारखा जाड.

"हे तुमचं कुंकू," ती म्हणाली. "खाणीचं. तुमच्या घरात, फडताळावर, फुप्फुसात, सगळीकडे आहे हे. यासाठी हात जोडायची गरज नाही, तक्रार करायची आहे."

मग शांताकाकींनी विचारलं, "गो सुविधा, मग माझ्या मिक्सरातून जळका वास येता, तो...?"

"तो आत्मा नाही, काकी. मोटर जळतेय."

"हां," शांताकाकी म्हणाल्या, जरा हिरमुसूनच.

कृष्णनाथ महाराज कुठे गेले ते कुणी बघितलं नाही. ते मात्र नीट लॉगआउट झाले असावेत. चपला घालायलाही थांबले नव्हते. लोक पांगले. साखळीची एक बाई जाता जाता पाटावरची चिमूटभर लाल भुकटी पुडीत बांधत होती. मी बघितलं तर ओशाळून म्हणाली, "असूं दी, घेतली ती घेतली." घराघरातली जाळी एका दिवसात साफ होत नाही.

लॅपटॉप आठवडाभर सुविधाकडे होता. पंखा साफ, आतला सुकलेला उष्णतावाहक लेप बदललेला, जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर, नवी बॅटरी, आणि मेमरी आठ जीबी. पाचवा वेद शेवटी साखळीच्या बाजारात मिळाला. सातची तपासणी मी दुपारी दोनला हलवली. आता ती होते तेव्हा शेजारी बसलेल्यालाही कळत नाही.

लॅपटॉप परत आला त्या रविवारी गौरेश घरी होता. सासूबाई लॅपटॉपपासून लांब, दारात उभ्या होत्या. "गप झालो," त्या म्हणाल्या. त्यांचा सातचा आवाज मी काढून घेतला होता आणि बदल्यात त्यांना एक पंखा समजावून सांगितला होता.

मग मी पप्पांच्या भजनांची जागा उघडली. पूर्वी तिथे पोचायला चहा करून यावा लागे, आता ती झटकन उघडली. एकतीस भजनं. शेवटचं लावलं. पप्पांचा खर्जातला आवाज, पेटी, मध्येच खोकला. सासूबाई दारातून आत आल्या. दुसऱ्या कडव्यावर गाणं मध्येच थांबलं आणि पप्पांचा आवाज आला, स्वयंपाकघराच्या दिशेने वळून, ओरडून.

"यशोदेऽ, तिसऱ्यांचो वास येता गो! हांव भजन म्हणूं कसो?"

सासूबाई हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "बघ. म्हटलंय ना मी? आवडायचा."

चार महिने हा माणूस त्या डब्यात होता. खरा. खोकल्यासकट. आम्ही डब्याला हार घातले, धुळीचे टिळे लावले, कळ्या चिकटवल्या, आणि त्याला एकदाही उघडलं नाही, कारण देवाला उघडायचं नसतं असं एका कव्हरविक्याने सांगितलं होतं. मीही गप्प बसले, कारण गप्प बसणं सोपं होतं. ती चूक माझी.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. जिथे उघडून बघायची मनाई आहे, तिथे आधी संशय घ्या. जो प्रश्न फक्त एकाच माणसाने विचारायचा असतो, तो उलटा करून स्वतः विचारा. आणि आज घरी गेल्यावर आपला लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवून बघा. डगमगला, पोट फुगलेलं दिसलं, तर हार आणू नका. चार्जर काढा, मुलांना लांब करा आणि जाणत्या माणसाकडे न्या.

आमचा आता पप्पांच्या मेजावर असतो. भजन ऐकून झालं की सासूबाई स्वतः झाकण मिटतात, चार्जर काढतात आणि भिंतीवरचं बटण बंद करतात. दिवा विझतो. मग त्या तिसरे निवडायला बसतात.